टीमला नाव देण्याआधी कामाची वाटणी तपासा

वाचकाचं पत्र: एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीनची घरपोच सर्व्हिस देणाऱ्या अंधेरीच्या एका कंपनीत मी ऑपरेशन्स मॅनेजर आहे. आमचा ३८ जणांचा एकच विभाग होता, आता त्याच्या चार टीम होणार आहेत. पहिली फोन घेऊन कंप्लेंट बुक करणार, दुसरी टेक्निशियन पाठवणार, तिसरी भिवंडीच्या गोडाऊनमधून स्पेअर्स देणार. चौथी वॉरंटी क्लेम, टेक्निशियनांची बिलं, एएमसी (वार्षिक देखभाल करार) रिन्यूअल असं उरलेलं सगळं बघणार. साहेबांना सोमवारपर्यंत नावं हवी आहेत, तीही जोश येईल अशी. तरुण मुलांनी रायगड, राजगड, तोरणा, सिंहगड सुचवलंय. एचआर म्हणतं मतदान घ्या. अकाउंट्सचे साहेब म्हणतात, ए-बी-सी-डी ठेवा आणि कामाला लागा. चौथ्या टीमला सगळे आताच 'सपोर्ट' म्हणू लागलेत आणि त्यातली माणसं नाराज आहेत. नावाने खरंच काही फरक पडतो का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर:

नमस्कार. फरक पडतो, आणि तो टीममधल्या माणसांपेक्षा टीमबाहेरच्यांना जास्त पडतो. साहेबांना नावातून जोश हवाय. तो कुठल्याही नावाने येईल. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या ब्रिस्टॉलच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाले. मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवून कुठलं आवडतं ते विचारलं आणि त्या आवडीवरून तुमचे दोन गट केले असं सांगितलं. गट खरं तर कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, गटाने एकत्र काही केलंही नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढ्याशा शिक्क्यावर आपलेपणा तयार होत असेल, तर रोज आठ-नऊ तास शेजारी बसणाऱ्या दहा माणसांना त्यासाठी गडाच्या नावाची गरज नाही.

कुठल्याही नावाने मिळत नाही तो पत्ता. कांदिवलीत एका घरी टेक्निशियन उघड्या मशीनसमोर उभा आहे, पीसीबी (मशीनचा सर्किट बोर्ड) चुकीचा आलाय, ग्राहक वैतागलाय. आता फोन कुणाला करायचा, हे त्याला टीमच्या नावावरूनच कळलं पाहिजे. लोकलच्या इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार आणि फास्ट की स्लो एवढं दिसलं की माणूस धावतो. टीमच्या नावाकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवा. 'तोरणा' ऐकून त्याला काही कळणार नाही. तो ओळखीच्या माणसाला फोन करेल, ती व्यक्ती दुसऱ्या टीममध्ये गेलेली असेल, आणि तुमची पेंडन्सी, म्हणजे अडकलेली कामं, अशीच वाढत जाईल.

म्हणून नावं सुचवण्याआधी शनिवारी दोन-तीन तास काढा. मागच्या दोन आठवड्यांतल्या साधारण शंभर मागण्या काढा: मेल, व्हॉट्सॲप मेसेज, शाखांचे फोन, ब्रँड कंपन्यांची पत्रं. एकाच दिवसाच्या घेऊ नका. सोमवारचे फोन वेगळे असतात आणि महिनाअखेरचे वेगळे. प्रत्येक मागणी एका चिठ्ठीवर, विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा: 'पार्ट कधी येणार', 'टेक्निशियन आलाच नाही', 'माझं मागच्या महिन्याचं बिल अडकलंय'. मग चिठ्ठ्यांचे चार ढीग करा. हे काम तुमच्यासोबत दोन टीममधल्या दोन माणसांनी करावं, कारण एकट्याने केलं की आपण आपल्याला सोयीचे ढीग लावतो. शंभरातल्या दहाहून जास्त चिठ्ठ्या कुठे टाकायच्या यावर वाद झाला, तर नावं बाजूला ठेवा. वाटणी चुकली आहे. ती सुधारेपर्यंत कुठलंच नाव नीट बसणार नाही.

तुमच्या पत्रावरूनच एक जागा दिसते, ती म्हणजे चौथी टीम. वॉरंटी क्लेम म्हणजे ब्रँड कंपनीकडून पैसे वसूल करणं. टेक्निशियनांची बिलं म्हणजे पैसे देणं. दोन्हींचा आधार एकच, सही झालेली जॉब शीट, म्हणजे टेक्निशियनच्या भेटीचा आणि कामाचा कागद. दोन्ही ठिकाणी तीच तपासायची असते. जुना पार्ट परत आला का, सिरियल नंबर जुळतो का, भेटीची तारीख वॉरंटीच्या आत आहे का. ही कामं एकत्र राहिली तर एकच तपासणी दोघांना पुरते. एएमसी रिन्यूअल मात्र विक्रीचं काम आहे. त्यात ग्राहकाशी बोलावं लागतं, मुदत संपण्याआधी फोन करावा लागतो, दर सांगावा लागतो. ते तिथे आलं कारण दुसरीकडे कुणी घेतलं नाही. ते पहिल्या टीमकडे द्या, कारण ग्राहकाचा फोन आणि त्याची जुनी नोंद दोन्ही तिच्याकडेच असतात. फक्त मार्च ते मे या एसीच्या सीझनमध्ये त्यासाठी दोन माणसं वेगळी ठेवा; नाहीतर कंप्लेंटच्या गर्दीत रिन्यूअलचे फोन राहून जातात आणि त्याचा फटका पुढे वर्षभर बसतो.

मेल्विन कॉन्वे या संगणक अभियंत्याने १९६८ साली एक निरीक्षण मांडलं होतं: संस्था जे काही उभारते, त्याची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या संपर्कासारखीच होते. सर्व्हिसच्या धंद्यात हे रोज दिसतं. बुकिंग आणि स्पेअर्स एकमेकांशी बोलत नसतील, तर ग्राहकाला मॉडेल नंबर दोनदा विचारला जातो.

आता 'सपोर्ट'बद्दल. तुमच्या माणसांची नाराजी रास्त आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. मुंबईत १९३७ पासून पंचरंगी क्रिकेट सामने होत, संघ धर्म-जमातींवर: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि या चौघांत न बसणाऱ्यांचा 'द रेस्ट'. १९४३ च्या अंतिम सामन्यात या 'रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. एवढं करूनही संघाच्या नावाने त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली, की हे बाकीच्या कुठल्या संघात बसत नाहीत. ऑफिसातली 'सपोर्ट', 'बॅक ऑफिस', 'नॉन-टेक', 'जनरल', 'आउटसोर्स' ही नावं हेच करतात. माणूस काय करतो ते सांगण्याऐवजी तो काय नाही ते सांगतात. त्याचा एक व्यवहारी तोटाही आहे: ज्याला मालक नाही ते प्रत्येक काम अशा टीमच्या टेबलावर येऊन पडतं, कारण नाव कशालाच नकार देत नाही. सहा महिन्यांत ती टीम प्रिंटरची शाई आणि दिवाळीच्या मिठाईची यादीही सांभाळत असते. भिवंडीच्या लोकांनाही 'गोडाऊनवाले' म्हणणं बंद करा. कोण कंत्राटावर आहे आणि कोण पगारावर, हे टीमच्या नावात कधीच येऊ देऊ नका.

गडांच्या नावांमागचं मुलांचं प्रेम खरं आहे, आणि नेमकं त्याचमुळे ही नावं टीमला देऊ नयेत असं आमचं ठाम मत आहे. टीमचं नाव रोजच्या तक्रारीत येतं. 'सिंहगडची पेंडन्सी वाढली', 'तोरणा बंद करून दुसऱ्यात मिळवा', 'रायगडने चुकीचा पार्ट पाठवला' अशी वाक्यं मेलमध्ये लिहावी लागतील, आणि एक दिवस कुणाच्या तरी भावना दुखावतील. दुसरी अडचण कामाची आहे. तुमचे टेक्निशियन पनवेल, पेण, अलिबागला जात असतील तर 'रायगडची कंप्लेंट' म्हणजे टीमची की जिल्ह्याची? आणि इंग्रजीत लिहिताना रायगड आणि राजगड यांत एकाच अक्षराचा फरक आहे, आय आणि जे, तेही दिसायला जवळजवळ सारखे. मेलच्या पत्त्यात तो फरक कुणाच्या लक्षात येणार नाही. मुलांचा उत्साह वाया जाऊ नये म्हणून मीटिंग रूमना गडांची नावं द्या. तिथेही रायगड आणि राजगडपैकी एकच घ्या.

सिनेमातले हिरो आणि आयपीएलचे संघ यांचा विचार करू नका. दोन वर्षांत ती नावं जुनी वाटतात. रंगही टाळा. भगवा, निळा, हिरवा यांना महाराष्ट्रात जो अर्थ आहे तो ऑफिसच्या दारात थांबत नाही.

अकाउंट्सच्या साहेबांचं ए-बी-सी-डी सोपं दिसतं, पण त्याला उतरंड चिकटलेली असते. मराठी माणूस 'बी टीम' हा शब्द राजकारणात कोणत्या अर्थाने ऐकतो ते वेगळं सांगायला नको. एक-दोन-तीन-चार आणि गोल्ड-सिल्व्हर यांचीही तीच गत. शिवाय बी, सी, डी, ई, जी, पी, टी ही अक्षरं चालत्या लोकलमधून फोनवर एकसारखीच ऐकू येतात. म्हणूनच वैमानिक ब्राव्हो, चार्ली, डेल्टा म्हणतात. मुंबई महापालिकेचे वॉर्ड अक्षरांचेच आहेत, तुमचं मुलुंड टी वॉर्डात येतं. पण त्यामागे पक्की हद्द, नकाशा आणि वॉर्ड ऑफिसची इमारत आहे. तरीसुद्धा आपला वॉर्ड कोणता हे बऱ्याच लोकांना विचारूनच कळतं. तुमच्या टीमपाशी असा नकाशा नाही.

मग नावं कोणती? ढिगातल्या चिठ्ठ्यांवर सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द उचला. विचारणाऱ्याच्या तोंडातली वस्तू किंवा काम हेच नाव. एक शब्द, फार तर दोन. 'एक्सलन्स', 'सोल्युशन्स', 'एनेबलमेंट' असले शब्द कुणाच्याच चिठ्ठीवर नसतील, ते नावातही नकोत. पहिला प्रयत्न कॉल्स, व्हिजिट, स्पेअर्स, क्लेम्स असा होईल. तो मोठ्याने वाचा. 'कॉल्स' आणि 'क्लेम्स' फोनवर गल्लत करतात, आणि दोन अक्षरी कोड काढायला गेलात तर इंग्रजीत दोन्हींना सी-एल सुचतं. 'कॉल्स'च्या जागी 'बुकिंग' घ्या, कंप्लेंट बुक करणं हा शब्द आधीपासून सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि एएमसीही बुकच होते. चौथीला 'बिलिंग' म्हणावंसं वाटेल, पण ते 'बुकिंग'शी भिडतं. त्यामुळे आमची शिफारस: बुकिंग, व्हिजिट, स्पेअर्स, क्लेम-पेमेंट. ऐकायला साधी आहेत. पण नवा माणूस पहिल्या दिवशी ती वाचून योग्य टेबलापाशी पोहोचेल.

नक्की करण्याआधी दोन चाचण्या घ्या. एक फोनची: एकाने गर्दीच्या वेळी अंधेरी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरून फोन करायचा आणि चारही नावं क्रम बदलून सांगायची, दुसऱ्याने ऑफिसात लिहून घ्यायची. एक जरी चुकलं तरी ते नाव बदला. दुसरी चाचणी अनोळखी माणसाची. अकाउंट्स किंवा ॲडमिनमधल्या तिघांना वीस चिठ्ठ्या आणि फक्त चार नावं द्या, बाकी काही समजावू नका. वीसपैकी अठरा योग्य ठिकाणी गेल्या तर नाव चाललं.

मग ते नाव जिथे जिथे टाइप होणार आहे तिथे जाऊन बघा. चुका बहुतेक इथेच होतात. एक्सेलच्या शीटला ३१ अक्षरांपेक्षा मोठं नाव देता येत नाही, आणि त्यात तिरपी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, चौकोनी कंस चालत नाहीत. तिरपी रेघ विंडोजच्या फोल्डरलाही चालत नाही, म्हणून 'क्लेम/पेमेंट' असं लिहू नका, मध्ये साधी जोडरेघ द्या. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा. कुणी 'स्पेअर' लिहितो, कुणी 'स्पेअर्स', कुणाच्या शेवटी चुकून एक स्पेस राहते, आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये एक्सेल त्यांना तीन वेगळ्या टीम धरतं. यावर उपाय म्हणजे त्या कॉलममध्ये टाइप करायचंच नाही. डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन लावा आणि चारच पर्याय ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावात वेगळा ओळखू येणारा शब्द पहिला हवा. 'कंपनीचं नाव – सर्व्हिस – मुंबई – स्पेअर्स' असं ठेवलं तर मोबाइलच्या यादीत चारही ग्रुप सारखेच दिसतात, कारण शेवटचा शब्द पडद्यावर येतच नाही. 'स्पेअर्स – मुंबई' ठेवा. ग्रुप नवा काढण्यापेक्षा जुन्याचं नाव बदला, म्हणजे जुने फोटो आणि जॉब शीट हाताशी राहतात. फक्त टीम सोडून गेलेल्यांना त्याच दिवशी काढा.

ग्राहकाला टीमचं नाव सांगायची गरजच नाही. आयव्हीआरवर (फोनवरच्या 'अमुक आकडा दाबा' या रेकॉर्डेड सूचनांत) 'स्पेअर्स टीमसाठी' म्हणण्याऐवजी 'मागवलेला पार्ट कधी येईल हे जाणून घेण्यासाठी ३ दाबा' असं म्हणा. काम आधी, आकडा नंतर. एसएमएसमध्येही टीमचं नाव नको. देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांत संपतो, इंग्रजीतला १६० मध्ये. ती जागा कंप्लेंट नंबर आणि भेटीच्या वेळेला द्या.

पुढे व्हिजिट टीम वाढली आणि विभागवार तोडायची वेळ आली, तर वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर ही नावं मुंबईत कुणालाही समजतात. पण पवईसारखी ठिकाणं वेस्टर्न आणि सेंट्रल या दोन लाइनच्या मध्ये येतात आणि दोन्ही टीम एकमेकींकडे बोट दाखवतात. हद्द पिनकोडने आखा. पवई ४०००७६ कुणाकडे, हे एकदाच लिहून ठेवा. नाव लाइनचं, हद्द पिनकोडची.

मतदानाला आमचा विरोध आहे. मोठी टीम लहान टीमचं नाव ठरवते आणि मजेशीर नाव उपयोगी नावाला हरवतं. पण लोकांना न विचारता नाव लादणंही बरं नाही. तुम्ही नाव सुचवा आणि ज्या टीमचं आहे तिला दोन दिवस द्या. त्या टीमने नकार दिला, तर तुमच्या चिठ्ठ्यांमधला दुसरा शब्द तिने निवडावा. इतर तीन टीमना फक्त एवढंच विचारा, की नाव ऐकून काम कळतं का.

साहेबांच्या जोशाबद्दल एक सूचना. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमाच्या शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले. मुलांनीच स्वतःला 'रॅटलर्स' आणि 'ईगल्स' अशी नावं घेतली. बक्षिसांच्या चढाओढी सुरू झाल्या तशी भांडणं पेटली, एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. तेढ निवळली ती दोघांना मिळूनच करावी लागणाऱ्या कामांनी, बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करणं, अडकलेला ट्रक ओढणं. तेव्हा भिंतीवर चार टीमच्या गुणांचा फळा लावू नका. 'बुकिंग ९२, स्पेअर्स ६१' असा फळा लागला की पार्ट नसताना कॉल क्लोज दाखवणं सुरू होतं, आणि त्याचा त्रास ग्राहकाला होतो. फळा हवाच असेल तर त्यावर चौघांचा मिळून एकच आकडा लिहा: कंप्लेंट बुक झाल्यापासून मशीन चालू होईपर्यंत किती दिवस गेले. वार्षिक क्रिकेटसाठी संघ पाडताना चारही टीमची माणसं मिसळा, आणि त्या संघांना मुलांना हवी ती जोशपूर्ण नावं खुशाल ठेवू द्या.

बदल कधी करायचा? महिनाअखेरचे तीन दिवस आणि एसीचा सीझन सोडून, एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी. सोमवारी फोनची गर्दी असते. जुना मेल पत्ता किमान एक वर्ष नव्याकडे फॉरवर्ड होत राहू द्या, आणि जुनं नाव दुसऱ्या टीमला कधीच देऊ नका. व्हिक्टोरिया टर्मिनसचं नाव १९९६ मध्ये बदललं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं, स्टेशनचा कोडही सीएसएमटी झाला, तरी आजही टॅक्सीत बसून 'व्हीटी' म्हणणारे भेटतात. तुमच्या शाखा आणि ब्रँड कंपन्याही जुन्याच पत्त्यावर लिहीत राहतील. त्यांना रागवू नका, मेल पोहोचू द्या.

सोमवारी साहेबांना नावांच्या यादीऐवजी हा मजकूर पाठवा:

*बुकिंग – नवी कंप्लेंट, तारीख बदलणं, एएमसी. पार्टची चौकशी इथे नको.*
*व्हिजिट – टेक्निशियन कोण, कधी येणार, आला का.*
*स्पेअर्स – पार्ट मागवणं, पोहोचवणं, चुकीचा पार्ट परत घेणं. पैशांचा प्रश्न इथे नको.*
*क्लेम-पेमेंट – ब्रँडकडून वॉरंटीची वसुली, टेक्निशियनांची बिलं. त्यासाठी सही झालेली जॉब शीट सोबत हवी.*

'इथे नको' या ओळी ठेवा. साहेबांना त्या रुक्ष वाटतील, पण त्या काढल्या की चारही टीम पुन्हा सगळंच करू लागतात. तीन महिने प्रत्येक टीमने चुकीच्या टेबलावर आलेल्या मागण्या मोजाव्यात, एका कागदावर उभ्या रेघा ओढल्या तरी पुरे. तिन्ही महिने एकाच दोन टीमच्या मध्ये रेघा वाढत राहिल्या, तर नाव तसंच ठेवा आणि त्या दोघींमधलं एखादं काम इकडून तिकडे हलवा.